एका ठोशाचा माणूस

आमच्या कारखान्यातले खेळांचे साहेब माझ्याविषयी एक वाक्य बोलले होते. मला उद्देशून नव्हे, माझ्यासमोर, दुसऱ्या साहेबांना. "हा एका ठोशाचा माणूस आहे. उजवा हात सोडला तर याच्याकडे काही नाही. याला टीममध्ये घेऊन उपयोग नाही, सरावाला उभा करू." मी तीन हात अंतरावर उभा होतो, तोंडात रक्ताची चव होती, आणि त्यांना वाटलं असावं की घण मारणाऱ्याला एवढं मराठी कळत नाही.

मी कुळगावचा, आगरी घरातला. वडिलांची भाताची खाचरं होती. त्यात सगळ्यांचं भागेना म्हणून एकोणीसशे पन्नासच्या आगेमागे मी अंबरनाथच्या एका कारखान्यात भट्टीखात्यात लागलो. काम घणाचं. मिस्त्री सांडशीत लाल लोखंड धरून ऐरणीवर ठेवायचा, हातातल्या लहान हातोडीनं 'टक' करून जागा दाखवायचा, की मी तिथं घण घालायचा. टक, धाड. टक, धाड. दिवसाचे आठ तास. दोन वर्षांत माझा उजवा खांदा डाव्याहून दोन बोटं जाड झाला. सदरा शिवताना शिंपी हसायचा.

कारखान्यात हिवाळ्यात खात्याखात्यांचे सामने व्हायचे. रस्सीखेच, कबड्डी, गोळाफेक आणि बॉक्सिंग. बॉक्सिंगला आमच्या खात्यातून कुणी नाव देत नसे, कारण तो साहेबलोकांच्या जवळचा खेळ समजला जायचा. मी दिलं. कसला खेळ ते माहीत नव्हतं. समोरच्याला मारायचं एवढं माहीत होतं. पहिल्या दोघांना मी उजव्या हाताच्या एकेका ठोशात आडवं केलं. पहिला कोठारखात्यातला गुबगुबीत कारकून होता आणि दुसरा आधीच घाबरलेला होता, हे मला आज कळतं. तेव्हा मला वाटलं, आपल्याला हा खेळ येतो.

शेवटच्या सामन्यात समोर यंत्रांचे नकाशे काढणाऱ्या नकाशाखात्यातला एक तरुण आला. मुंबईत कॉलेजात शिकलेला, गोरा, सडपातळ, पायांत खास पातळ तळाचे बूट. मी अनवाणी. त्याच्याकडे सगळे ठोसे होते. सरळ, आडवे, खालून वर, पोटात. नावं मला नंतर कळली. जॅब, हूक, अपरकट. तीन राउंड मी त्याच्या मागं धावलो आणि तीन राउंडांत माझा हात त्याला एकदाही लागला नाही. मी धावून जायचो, तो जरा बाजूला व्हायचा, आणि बाजूला होताना मला दोन देऊन जायचा. लोक हसत होते. माझ्याच खात्यातले लोक हसत होते. त्यानंतर साहेबांचं ते वाक्य.

मार खाल्ल्याचं दुःख मला झालं नाही. मार आमच्या गावात बैलही खातो. पण 'याच्याकडे काही नाही' हे मला सहन झालं नाही. दुसऱ्याच दिवशी मी कॅन्टीनमध्ये सगळ्यांसमोर बोलून बसलो की पुढच्या वर्षी त्याच माणसाशी लढीन. मग कुणीतरी सांगितलं की उल्हासनगरात, कॅम्प दोनमध्ये, कराचीहून आलेला एक सिंधी म्हातारा आहे, तो तिकडं बॉक्सिंग शिकवायचा.

फाळणीनंतर ते लोक आले आणि लष्कराच्या रिकाम्या बराकींत राहू लागले, हे आम्हाला ठाऊक होतं. पण आम्ही कुळगावचे लोक तिकडं बाजाराखेरीज जात नसू. मी सायकल घेऊन गेलो. पहिली पाळी सुटल्यावर, दुपारचा. विचारत विचारत पत्र्याच्या ट्रंका बनवणाऱ्या एका दुकानाशी पोचलो. आत एक पन्नाशीचा माणूस पत्रा ठोकत बसला होता. नाक एका बाजूला वळलेलं, भुवईवर जुन्या जखमांच्या पांढऱ्या रेघा. मी माझं गाऱ्हाणं सांगितलं. मोडक्या हिंदीत. त्यानं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मारता क्या है?"

मी म्हटलं, "राइट."

"और?"

"और कुछ नहीं."

"चलो," तो म्हणाला.

दुकानाच्या मागं दोन बराकींच्या मधल्या मोकळ्या जागेत चार बांबू पुरून दोर बांधला होता. तेच त्याचं रिंग. भुसा आणि चिंध्या भरलेलं एक पोतं टांगलं होतं. रिंगच्या आत त्याच्या बायकोनं खाटांवर पापड वाळत घातले होते आणि ते वाळल्याशिवाय ती कुणाला आत येऊ देत नव्हती. आम्ही दोघं पापडांपाशी पाऊण तास उभे राहिलो. शेवटी तिनं पापड उचलले, माझ्याकडं बघून सिंधीत काहीतरी पुटपुटली आणि गेली.

उस्ताद म्हणाले (पुढं मी त्यांना तेच म्हणायला लागलो), "मी तुझ्याकडं पाठ करून उभा राहतो. तू त्या पोत्यावर मार. कधी डावा मार, कधी उजवा. मारायच्या आधी मी सांगतो कुठला येणार." हे सगळं अर्थात हिंदीतच, त्यांच्या सिंधी हेलात.

मी मनातल्या मनात हसलो. पाठ करून कसं सांगणार? डावा मारला. ते गप्प. परत डावा. गप्प. मग उजवा उचलला, तोच ते म्हणाले, "राइट." माझा हात त्यानंतर पोत्यावर बसला. दहादा केलं. दहाही वेळा त्यांनी आधी सांगितलं. मला तो माणूस जादूगार वाटायला लागला.

"आप को कैसे मालूम?"

त्यांनी नुसती नक्कल करून दाखवली. "हंऽऽ". घण उचलताना छाती भरून घेतात तो श्वास. घणाच्या प्रत्येक घावाआधी मी तो श्वास घेत होतो आणि दोन वर्षांत तो माझ्या हाडात बसला होता. ठोशाच्या आधीही तोच. शिवाय उजवी टाच उचलायची, खांदा मागं न्यायचा, आणि मग धाड. उस्तादांनी सांगितलं, तो नकाशावाला तुला बघत नव्हता, तुला ऐकत होता. तुझा ठोसा चांगला आहे. पण तो एकाच वाटेनं येतो, एकाच वेळी येतो, आणि यायच्या आधी दार वाजवतो.

मला राग आला. खरं बोलणाऱ्याचा येतो तसा.

पुढचे तीन-चार महिने मी आठवड्यातून तीनदा जायचो. उस्तादांनी मला डाव्या हाताचा जॅब शिकवायला घेतला. हात सरळ पुढं, लगेच परत. पुढं, परत. मला तो ठोसाच वाटेना. माशा हाकलल्यासारखं वाटायचं. आणि पायांचं तर विचारूच नका. ते म्हणायचे पंजांवर राहा, हलका राहा, मागं सरक, बाजूला सरक. मी पुढंच जायचो. पुढं जाणं म्हणजे मर्दपणा आणि मागं येणं म्हणजे पळपुटेपणा, असं माझ्या डोक्यात घट्ट होतं. एक दिवस ते वैतागून ओरडले, "तू बैल आहेस काय? नाक धरून कुठंही ओढत नेता येईल तुला!"

मी हातातले ग्लोव्ह्ज दोरावर टाकले. म्हटलं, "मी घणकरी माणूस आहे. मला नाचायला येत नाही, आणि मला नाचायचंही नाही. माझा राइट मी सोडणार नाही."

"नाचने को कौन बोला? चलने को बोला."

"मला चालता येतं," असं मराठीत म्हणून मी सायकलवर बसलो आणि निघून आलो. महिनाभर तिकडं फिरकलो नाही. आषाढ लागला, लावणी आली, मी कारखान्यातून आठ दिवसांची रजा काढली आणि खाचरात उतरलो.

त्या लावणीत एक दिवस बांधावर पांढऱ्या लेंग्यातली एक आकृती दिसली. लेंगा गुडघ्यापर्यंत वर धरलेला, चपला हातात, डोक्यावर रुमाल. उस्ताद होते. कुळगावात सिंधी माणूस बघून बायका लावणी थांबवून उभ्या राहिल्या. आईनं मला विचारलं, "कोन हाय रं यो?" मी सांगितलं. मार खायला शिकवणारा म्हणून तिनं त्यांचं नाव आधीच टाकलेलं होतं. कंबरेवर चिखलाचे हात ठेवून ती बांधापाशी गेली.

"माज्या पोराला मार खावाला शिकवता का?"

त्यांना सगळं कळलं नसावं, पण 'मार' कळलं. ते हात जोडून म्हणाले, "नहीं माई. नहीं खाने का, वो सिखाता हूँ."

"मंग त्याचा दात कसा पडला?"

"वो मेरे पास आने के पहले."

आईला हे पटलं की नाही माहीत नाही, पण ती परत आली आणि रोपांची मूठ हातात घेऊन कामाला लागली. मी मुद्दाम बांधाकडं गेलो नाही. वाकून लावत राहिलो. लावणीत माणूस मागं मागं सरकतो. समोर लावलेले रोपांचे चूड आणि मागं मोकळा चिखल. मागं बघायचं नाही, पाय आपोआप जागा शोधतात, ओळ वाकडी होऊ द्यायची नाही, चिखलात पाय फसू द्यायचा नाही. मी लहानपणापासून ते करत होतो. एक ओळ संपवून मी बांधाला टेकलो, तर उस्ताद माझ्या पायांकडं टक लावून बघत होते. मग एकदम हसायला लागले. इतके हसले की हातातली एक चप्पल पाण्यात पडली.

"तू पीछे चलना जानता है! बिना देखे जानता है! मेरे को बताया क्यूँ नहीं?"

"ही लावणी आहे," मी म्हटलं.

"मेरे को क्या लेना लावणी से? तेरे पाँव जानते हैं. तेरा सिर नहीं जानता."

आईनं त्यांना तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी दिली. ते बांधावर उकिडवे बसून जेवले. डोळ्यांतून पाणी आलं तिखटानं, पण दुसरी भाकरी मागून घेतली. जाताना मला म्हणाले, "राइट कौन छीनता है तेरे से? रख. पर उस तक पहुँचने का रास्ता एक मत रख." आठव्या दिवशी मी कॅम्प दोनमध्ये हजर होतो.

त्यानंतरच्या पाच-सहा महिन्यांत मला ज्या गोष्टी कळल्या, त्या आजवर मी कुणाला नीट समजावून सांगू शकलेलो नाही, पण प्रयत्न करतो. आधी मला वाटायचं, ज्याच्याकडं ठोसे जास्त तो मोठा. नकाशावाल्याकडं सात, माझ्याकडं एक, म्हणून मी लहान. साहेबांचाही हिशेब तोच. उस्तादांनी मला दाखवलं की एकच राइट जवळून मारला तर वेगळा, लांबून मारला तर वेगळा, मागं येताना मारला तर समोरच्याला तो राइट आहे हेच कळत नाही. दोन जॅबनंतर येणारा वेगळा आणि जॅबचं नुसतं सोंग करून येणारा वेगळा. आणि न मारलेला राइट, म्हणजे नुसता धरून ठेवलेला, तो तर सगळ्यांत त्रासदायक. बघणाऱ्याला एकच ठोसा दिसतो. खाणाऱ्याला दहा लागतात.

श्वासाची सवय मोडायला मला सगळ्यांत जास्त वेळ लागला. दिवसा कारखान्यात 'हंऽ' करून घण मारायचा आणि दुपारी तोच श्वास गिळायचा. उस्ताद मला पोत्यावर मारताना बोलायला लावत. घरात कोण कोण आहे सांग. बदलापूरच्या बाजारात काय भाव चाललाय सांग. बोलता बोलता मार. बोलणारा माणूस श्वास भरून घेऊ शकत नाही. बराकीतली माणसं दारात येऊन उभी राहायची. एक वेडा आगरी वांग्यांविषयी बोलतोय आणि पोतं बडवतोय, ही त्यांची करमणूक होती. त्यांच्यातले काही बोलत नसत, नुसते बघत असत. सगळं मागं टाकून आलेली माणसं होती ती. आपलं ते सोडलं नाही आणि नवं ते टाळलं नाही, असं त्यांचं जगणं मी रोज बघत होतो. मला कुणी 'तुझ्याकडं काही नाही' म्हटलं होतं. त्यांच्याकडं खरंच काही नव्हतं, आणि तरी त्या गल्लीत रिकामा बसलेला माणूस मला आठवत नाही.

सगळंच काही मला आलं नाही. अपरकट मला शेवटपर्यंत आला नाही. उस्तादांनी त्याचा नाद सोडला, मीही सोडला.

हिवाळा आला. सामन्यांच्या यादीत माझं नाव नव्हतं. मी साहेबांच्या खोलीच्या दारात जाऊन उभा राहिलो. त्यांनी मान वर न करता सांगितलं, "मागच्या वर्षी पाहिलं ना तुला. नकाशाखात्याच्या त्याच्याबरोबर सरावाला ये, तेवढं पुष्कळ."

मी म्हटलं, "साहेब, सरावाला येणार नाही. लढायला येईन."

"यादी झाली आहे."

मी परत येऊन मिस्त्रीला सांगितलं. मिस्त्री कमी बोलायचा. हातातली सांडशी त्यानं खाली ठेवली आणि तसाच, काळ्या हातांनी, साहेबांकडं गेला. त्यानं सांगितलं की या पोराचं नाव नसेल तर भट्टीखातं यंदा रस्सीखेचीला उतरणार नाही. रस्सीखेचीत आमचं खातं सलग जिंकत आलेलं होतं, आणि आमची टीम बाहेरच्या कारखान्यांशी खेळायला नेऊन साहेब मिरवत असत. संध्याकाळी यादीत माझं नाव शाईनं वर लिहिलेलं होतं.

सामना दुपारी चार वाजता मैदानावर होता. फळ्यांचं रिंग, भोवती खुर्च्या, खुर्च्यांच्या मागं आम्ही लोक. माझ्या कोपऱ्यात उस्ताद. इस्त्री केलेला सदरा घालून आले होते. पहिल्या दोन लढती मी जिंकल्या आणि शेवटी पुन्हा तोच समोर आला. पातळ तळाचे बूट, सात ठोसे. या वेळी माझ्याही पायांत बूट होते, उस्तादांचे जुने, पुढं चिंध्या कोंबलेले.

पहिल्याच राउंडमध्ये मी चूक केली. इतके महिने शिकलेलं सगळं विसरलो आणि लोकांचा आवाज ऐकून पुढं घुसलो. राइट मारला. त्यानं मान खाली घातली आणि माझी मूठ त्याच्या टाळूवर बसली. हाताच्या आत काहीतरी कट् झालं. भट्टीखात्यात लोखंड चुकीच्या रीतीनं थंड होऊन तडकलं की असा आवाज येतो. मला लगेच कळलं. बोटं मिटत नव्हती. त्या राउंडचा उरलेला वेळ मी कसा काढला आठवत नाही. मार खाल्ला एवढं खरं.

कोपऱ्यात आलो. उस्तादांनी ग्लोव्हवर हात ठेवला आणि माझा चेहरा बघितला.

"गया?"

"गेला."

"बंद करूँ?"

"नाही."

त्यांनी टॉवेलनं माझं तोंड पुसलं. कानाशी येऊन म्हणाले, "उसको मालूम नहीं है. राइट ऊपर ही रख, जैसे अभी मारेगा. मारना मत. और आगे मत जा. एक कदम भी नहीं."

दुसरा राउंड. मी माझ्या जागी उभा राहिलो. उजवा हात हनुवटीपाशी, डावा पुढं. तो थांबला. मी धावून यायची वाट बघत होता. मी आलो नाही. तो डावीकडं फिरला, मी तोंड वळवलं. तो उजवीकडं फिरला, मी तोंड वळवलं. लोक ओरडायला लागले, मारा, मारा. त्याच्या चेहऱ्यावर मला जे दिसलं ते मी विसरणार नाही. त्याला काय करावं ते सुचत नव्हतं. त्याचे सातही ठोसे पुढं धावून येणाऱ्या माणसासाठी होते. धावून येणारा बैल समोर असला की तो राजा होता. बैल उभा राहिला की त्याच्याकडं काही नव्हतं.

शेवटी तो स्वतः पुढं आला, आणि पुढं येणं त्याला माहीत नव्हतं. पाय एका रेषेत, हनुवटी वर. मी एक पाऊल मागं टाकलं आणि डावा पुढं केला. नाकावर बसला. तो पुन्हा आला. पुन्हा मागं, पुन्हा डावा. प्रत्येक वेळी त्याची नजर माझ्या उजव्या हाताकडं. आता येईल, आता येईल. मेलेल्या हाताची भीती त्याला तीन मिनिटं पुरली. तिसऱ्या राउंडला त्याच्या नाकातून रक्त आलं आणि तो मला मिठी मारून लोंबकळायला लागला. मागच्या रांगांतून माझ्या खात्याचे लोक ओरडत होते ते मला समुद्रासारखं ऐकू येत होतं.

पंच तिघे होते. दोघांनी त्याला दिलं, एकानं मला. तो जिंकला.

साहेबांनी बक्षिसं वाटायला घेतली. मला उत्तेजनार्थ म्हणून एक लहान कप होता. तो देताना ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "सुधारणा आहे. पण नुसत्या एका हातानं खेळलास. विविधता पाहिजे, विविधता." मी डावा हात पुढं केला. त्यांनी कप मागं घेतला. "बक्षीस उजव्या हातानं घेतात."

मी म्हटलं, "उजवा हात पहिल्या राउंडमध्ये मोडलाय, साहेब."

 त्यांनी माझ्या हाताकडं बघितलं. ग्लोव्ह काढल्यावर तो सुजून कोपरापर्यंत निळा पडला होता. त्यांनी घाईघाईनं कप माझ्या डाव्या हातात ठेवला. मी तो टेबलावर परत ठेवला. हळूच ठेवला, आपटला नाही. म्हटलं, "दोन राउंड मी जिंकलोय. उत्तेजन नको." आणि खाली उतरलो. उस्ताद माझ्याबरोबर चालत आले.  फाटकाबाहेर आल्यावर त्यांनी माझ्या पाठीवर इतक्या जोरात थाप मारली की हाताची कळ डोक्यात गेली.

हात दोन महिने प्लास्टरमध्ये होता. हाड वाकडं जुळलं. एका बोटाचं पेर आत गेलं ते गेलंच. घण पेलवेना, म्हणून मला हत्यारांच्या कोठीत बसवलं. कारखान्याच्या टीमचं दार मला बंद झालं. का ते कुणी सांगितलं नाही, मी विचारलंही नाही. आई म्हणाली, "आता तरी सोड." मी सोडलं नाही. पुढची चार वर्षं मी उस्तादांच्या नावानं लढलो. कल्याणला, ठाण्याला, एकदा परळला. कधी जिंकलो, कधी हरलो. मोडक्या हाताचा राइट आता पूर्वीसारखा माणूस आडवा करत नव्हता, पण मला त्याची पूर्वीइतकी गरजही नव्हती.

त्या सामन्यानंतर काही महिन्यांनी, एका रविवारी, नकाशाखात्यातला तो तरुण कॅम्प दोनमध्ये आला. रिंगशी उभा राहिला. मला बघून कावराबावरा झाला, पण गेला नाही. उस्तादांना म्हणाला, "मला शिकायचंय." मी उस्तादांना बाजूला घेऊन सांगितलं की हा इथं आला तर मी येणार नाही. ते म्हणाले, "तेरी मर्ज़ी." एवढंच. मी सायकलपर्यंत गेलो. हँडल धरून उभा राहिलो. मग वाटलं, जो माणूस जिंकल्यावर शिकायला येतो, त्याच्यावर रुसून आपण काय मिळवणार? परत आलो आणि ग्लोव्ह्ज बांधले. त्या दिवशी आम्ही दोघं अर्धा तास एकमेकांना मारत होतो. मधेच थांबून त्यानं विचारलं, "तुझा हात मोडलाय हे मला कळायला हवं होतं, नाही का?" मी म्हटलं, "हो." तो पुढं चांगला लढणारा झाला. माझ्यापेक्षा चांगला. हे मी कबूल करतो. पण साहेबांच्या हिशेबानं नाही, माझ्या हिशेबानं.

पन्नासचं दशक संपता संपता जुने साहेब बदलून गेले. नव्या साहेबांनी कुठूनतरी माझं ऐकलं होतं. त्यांनी मला सामन्यांना पंच म्हणून बसायला बोलावलं. खुर्चीत, पेन्सिल आणि कागद घेऊन. पहिल्याच दिवशी एका लढतीत जांभूळ गावाकडचा एक हमाल होता, नुकताच लागलेला. त्याला डावा हूक येत होता आणि दुसरं काहीही येत नव्हतं. समोरचा शिकलेला होता, देखणा खेळत होता, सगळं दाखवत होता. पण मारत होता तो हमाल. हूक जवळून, हूक लांबून, हूक पोटात, थांबून, घाईनं. तीन राउंड समोरच्याला त्याचा पत्ता लागला नाही.

मी कागदावर हमालाला दिलं. बाजूचे दोघे पंच माझ्याकडं वाकले. एक म्हणाला, "अहो, याला एकच ठोसा येतो. खेळ तर त्या दुसऱ्याचा आहे."

मी म्हटलं, "मी ठोसे मोजले नाहीत. कोण कुणाला कळत होता ते बघितलं."

"निकाल एकमतानं दिलेला बरा दिसतो," दुसरा म्हणाला. "बदला तेवढं."

त्यानं माझ्यापुढं रबर सरकवलं. मी ते परत त्याच्याकडं सरकवलं, कागदाची घडी घातली आणि साहेबांच्या हातात दिली.